पट्ट्यात काय भरले होते?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात माझा एक लेख लागला होता. ‘रशियन तोफांचा फुगवलेला मोठेपणा’ असे त्याचे शीर्षक होते. ग्रंथालयाकडे जाण्याची वाट तिथूनच असल्याने पुष्कळांनी निदान शीर्षक तरी वाचले असेल. त्या लेखात मी तीन विधाने ठासून केली होती. त्यांपैकी एक साफ चूक निघाले, दुसरे निम्मे चूक निघाले, आणि तिसरे तर मी कसल्याही पुराव्यावाचून केले होते. भित्तिपत्रक पंधरा दिवसांनी उतरते; चूक मात्र वाचणाऱ्याच्या डोक्यात तशीच राहते. म्हणून वार्षिकांकात थोडी जागा मागितली. संपादक मंडळाने ती दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार.

विषय अनेकांना, विशेषतः गुरुजनांना, विचित्र वाटेल. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत विमानांवरच्या तोफा, त्यांचा दारूगोळा, आणि हे सारे संगणकावरील विमानाच्या सिम्युलेटरमध्ये कसे उतरते, हा तो विषय. मी इतिहास घेऊन बी. ए. करतो, यंत्रशास्त्राशी माझा संबंध सायकलच्या साखळीपुरता. तेव्हा जाणकारांनी माझ्या आकडेमोडीकडे जरा सांभाळून पाहावे.

सिम्युलेटर म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. नुसता गोळ्या झाडण्याचा खेळ आणि सिम्युलेटर यांत फरक आहे. सिम्युलेटरमध्ये विमानाचे वजन, इंजिनाची शक्ती, हवेचा रोध असा सारा हिशेब संगणक क्षणोक्षणी करत असतो. तोफेतून सुटलेला प्रत्येक गोळा वेगळा मोजला जातो. तो किती वजनाचा, किती वेगाने निघाला, वाटेत किती मंदावला, किती खाली आला, आणि लागला तर पंखाला लागला की इंजिनाला, हे सर्व पाहिले जाते. माझ्याकडे जो आहे तो ‘इल-२ स्टर्मोविक’ नावाचा, मॉस्कोतील मॅडॉक्स गेम्स या मंडळींनी २००१ साली काढलेला. त्याची ‘१९४६’ ही एकत्रित आवृत्ती २००६ साली निघाली, म्हणजे माझ्याच जन्मसाली. इतका जुना कशाला, असे कुणी विचारील. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील दुसऱ्याच्या द्राक्षबागेत सालाने आहेत. दोन हंगाम मीही विरळणीच्या मजुरीला गेलो आणि त्या पैशांतून एक वापरलेला संगणक घेतला. त्यावर नवे काही चालत नाही. पण हा चालतो, आणि चांगला चालतो.

आता त्या तीन विधानांकडे वळतो. सर्वांत लाजिरवाणी चूक आधी सांगून टाकतो.

आमचे गाव ओझरपासून आठ-दहा किलोमीटरवर. ‘ओझर मिग’ हे नाव नाशिक जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. १९६४ साली तिथे मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला आणि मिग-२१ विमाने तिथे बनली. त्या मिग-२१ वर तेवीस मिलिमीटरची तोफ असे. महायुद्धातील इल-२ या प्रसिद्ध सोव्हिएत विमानाच्या पंखांतही तेवीस मिलिमीटरच्याच दोन तोफा असत. झाले! मी दोन्ही तेवीस एकत्र केले आणि लिहून टाकले, की बर्लिनच्या वाटेवर जी तोफ गरजली तीच पुढे आपल्या ओझरला येऊन बसली. वाक्य झोकदार होते. मित्रांनी टाळ्याही दिल्या.

आमच्या शेजारी एक आप्पा राहतात. नोकरीची सारी वर्षे त्यांनी त्याच कारखान्यात मिगच्या दुरुस्तीत काढली. आता बागेची राखण करतात. माझा लेख मी कौतुकाने त्यांना वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाले, “अरे पोरा, तेवीस म्हणजे नुसतं नळीचं भोक झालं. काडतूस केवढं होतं? आमच्या मिगचं एवढंसं असायचं.” त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर अंतर दाखवले. मला उत्तर देता आले नाही. वर त्यांनी आणखी एक विचारले, “आणि तू तोफेचंच काय घेऊन बसलास? पट्ट्यात काय भरलं होतं ते सांग की.”

या दोन प्रश्नांनी माझा पुढचा महिना खाल्ला.

काडतुसाचे प्रकरण असे आहे. इल-२ वरची तोफ व्होल्कोव्ह आणि यार्त्सेव्ह या दोघांनी रचलेली. त्यांच्या आद्याक्षरांवरून तिला ‘व्या-२३’ म्हणतात. तिच्या काडतुसाचे पितळी कवच १५२ मिलिमीटर लांब. गोळा सुमारे २०० ग्रॅमचा आणि नळीतून बाहेर पडताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९०० मीटर. ही तोफ जबर, पण वजनाने साठ किलोच्या वर आणि धक्का असा, की हलक्या लढाऊ विमानाला तो सोसवेना. म्हणून १९४४ च्या सुमारास सोव्हिएत अभियंत्यांनी तेवीस मिलिमीटरचेच दुसरे, आखूड काडतूस काढले. त्याचे कवच ११५ मिलिमीटरचे. गोळ्याचे वजन तेवढेच, पण मागे दारू कमी. त्यामुळे वेग सेकंदाला ६९० मीटरच्या आसपास. या आखूड काडतुसाची पहिली तोफ ‘एनएस-२३’. मिग-२१ वरील दोन नळ्यांची ‘जीएसएच-२३’ ही या आखूड घराण्यातली. उलट लांब काडतुसाचे घराणे विमानातून उतरून जमिनीवर आले. सैन्याच्या जोडनळीच्या विमानविरोधी ‘झेडयू-२३’ तोफेचे काडतूस त्याच मापाच्या कवचाचे आहे. म्हणजे नाव तेच, भोक तेच, पण घरे दोन.

हा फरक किरकोळ नाही. शाळेत शिकलेले गतिज ऊर्जेचे सूत्र मी वहीत मांडून पाहिले. लांब काडतुसाचा गोळा नळीतून निघताना ८१,००० ज्यूल घेऊन निघतो, आखूड काडतुसाचा ४७,००० च्या थोडा वर. जवळजवळ दुप्पट तफावत, आणि मी दोघांना एकाच वाक्यात बसवले होते. मिग-२१ आता निवृत्त झाले, २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्यांना निरोप दिला गेला. त्या दिवशी आप्पा दिवसभर बागेतच होते; मी मुद्दाम विषय काढला नाही.

दुसरे विधान जर्मन आणि सोव्हिएत तोफांच्या तुलनेचे होते. इथे थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण सिम्युलेटर उडवणाऱ्या मंडळींत जगभर सर्वांत जास्त भांडणे यावरच होतात.

सोव्हिएत लढाऊ विमानांची नेहमीची तोफ म्हणजे वीस मिलिमीटरची ‘श्वाक’. श्पितालनी आणि व्लादिमिरोव्ह यांची ही रचना, तीसच्या दशकातली. याक विमानांत ती इंजिनाच्या मधोमध बसवलेली असे आणि पंख्याच्या मध्यातून गोळे सोडी. ला-५ वर अशा दोन तोफा नाकावर असत आणि त्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून नेमका क्षण साधून झाडत. वेग मिनिटाला सुमारे ८०० गोळ्या, गोळा सुमारे ९६ ग्रॅमचा. समोर जर्मनांची ‘एमजी १५१/२०’, तीही वीस मिलिमीटरची. तिचा वेग मिनिटाला सातशेच्या आसपास. पण जर्मनांकडे एक खास गोळा होता. पातळ पोलादी पत्रा खोल दाबून त्याचे कवच केलेले, आणि आत १८ ग्रॅमच्या आसपास स्फोटक कोंबलेले. जर्मन भाषेत त्याला सुरुंग-गोळा अशाच अर्थाचे नाव आहे. श्वाकच्या गोळ्यात स्फोटक आणि दाहक द्रव्य मिळून सहा ग्रॅमच्या आसपास. मी अठराला सहाने भागले, तीन आले, आणि लिहिले: ‘जर्मन तोफ तिप्पट संहारक असताना सिम्युलेटरमध्ये दोघी सारख्याच वाटतात, याचा अर्थ उघड आहे.’

अर्थ उघड नव्हता. उघड होता तो माझा आळस. सर्वांत चांगला जर्मन गोळा उचलून मी तो संपूर्ण जर्मन तोफेच्या नावावर मांडला होता. आप्पांचा प्रश्न इथे लागू पडतो. पट्ट्यात सगळेच सुरुंग-गोळे नसत. त्यांच्यामध्ये चिलखतभेदी गोळे असत, ट्रेसर असत; ट्रेसर म्हणजे मागे जळती रेघ सोडत जाणारे, नेम कुठे चालला आहे हे वैमानिकाला दाखवणारे. या दुसऱ्या जातींच्या गोळ्यांत स्फोटक अगदी थोडे, किंवा मुळीच नाही. सोव्हिएत पट्ट्यातही तसेच मिश्रण असे: फुटून ठिकऱ्या उडवणारे आणि आग लावणारे काही, चिलखत भेदून मग आग लावणारे काही.

आता एका सेकंदाचा हिशेब पाहा. श्वाकमधून सेकंदाला तेरा गोळे सुटतात, म्हणजे सव्वा किलोच्या वर लोखंड. जर्मन तोफेतून सुमारे बारा, म्हणजे वजन जवळपास तेवढेच. सगळे सुरुंग-गोळे धरले तर जर्मन बाजूला सेकंदाला दोनशे ग्रॅमच्या वर स्फोटक; पण पट्ट्यात निम्मेच धरले तर ते शंभराच्या आसपास येते. श्वाकचे सगळे गोळे स्फोटक धरले तर सत्तर-ऐंशी ग्रॅम. निम्मे धरले तर चाळीस. म्हणजे जर्मन तोफ वरचढ होतीच, ती नव्हती असे मी म्हणत नाही. मात्र ‘किती वरचढ’ याचे उत्तर तोफेच्या नावात नाही, पट्ट्याच्या भरणीत आहे. ते सांगितल्यावाचून ‘तिप्पट’ म्हणणे म्हणजे दोन गावांतल्या एकेका पहिलवानाची कुस्ती लावून अख्ख्या गावांची ताकद ठरवण्यासारखे आहे.

बरे, स्फोटक हेच सर्वस्व असेही नाही. अँथनी विल्यम्स आणि इमॅन्युएल गुस्टिन या दोघांचा विमानांवरील तोफांविषयीचा ग्रंथ आहे. दुसऱ्या महायुद्धावरचा खंड २००३ सालचा. त्यात त्यांनी एक ढोबळ पद्धत वापरली आहे: गोळ्याच्या वजनाचा दहावा हिस्सा स्फोटक किंवा दाहक द्रव्याचा असेल, तर नुसत्या लोखंडी गोळ्याच्या दुप्पट नासधूस धरायची. या मापाने श्वाकचा स्फोटक गोळा लोखंडी गोळ्याच्या दीडपटीच्या थोडा वर जातो आणि सुरुंग-गोळा तिपटीला पोचतो. दोघांतील अंतर तिप्पट नव्हे, दुपटीच्याही खाली. मग लागतो कुठे हा प्रश्न आहेच. सुरुंग-गोळा पंखाचा पत्रा फुगवून फाडतो. चिलखतभेदी गोळा मोठे भोक पाडत नाही, पण आत जाऊन इंजिन, पेट्रोलची टाकी किंवा वैमानिकाच्या पाठीमागचे पोलाद गाठतो. आणि खुद्द सोव्हिएत विमाने बरीचशी लाकडाची, जर्मन विमाने धातूची. तेव्हा ‘मला त्याचे तीन गोळे लागले आणि मी पडलो, त्याला माझे तीन लागले तरी तो उडतोच आहे’, ही जी सिम्युलेटरमधली नेहमीची रड असते, तिच्यात तोफेचा दोष किती आणि मार खाणाऱ्या विमानाचा किती, हे कुणी वेगळे काढतच नाही.

तिसरे विधान असे: सिम्युलेटर रशियात बनला, म्हणून रशियन तोफा मुद्दाम फुगवल्या. हे वसतिगृहातल्या माझ्या एका मित्राचे लाडके मत. तो नेहमी जर्मन मेसरश्मिट १०९ घेतो, मी याक घेतो. त्याच्याकडून ऐकले आणि छापले. आता विचार केला की वाटते, मी जे पुराव्यासारखे पुढे केले होते ते पुरावेच नव्हते. सिम्युलेटर करणाऱ्याने पट्ट्यात काय भरले आहे, हे या जुन्या सिम्युलेटरमध्ये खेळणाऱ्याला दिसत नाही. अलीकडच्या काहींत मात्र पट्टा आपण निवडू शकतो आणि कोणता गोळा कशामागे येतो ते वाचूही शकतो. दिसत नाही ते न मोजता ‘पक्षपात’ म्हणणे सोपे असते. आणि खरे सांगायचे तर, स्वतःचा नेम चुकतो हे कबूल करण्यापेक्षाही ते सोपे असते. पक्षपात नसतोच असे माझे म्हणणे नाही. ज्या देशाचे दोन कोटींहून अधिक लोक त्या युद्धात मेले, तिथल्या कारागिराला आपल्या विमानांविषयी ममता वाटणारच. पण ममता आणि लबाडी यांत फरक आहे, आणि तो आकड्यांवाचून दाखवता येत नाही.

इतके झाल्यावर कुणी म्हणेल, मग सिम्युलेटर निर्दोष ठरला काय? मुळीच नाही. माझी त्याच्याविरुद्ध तक्रार आहे, पण ती निराळ्या जागी.

इल-२ घेऊन रणगाडे फोडणे हा या खेळातला मोठा आनंद. वरून सूर मारायचा, चाप दाबायचा, खाली धूर. प्रत्यक्षात व्या-२३ चा चिलखतभेदी गोळा चारशे मीटरवरून, तोही अगदी काटकोनात बसला तर, पंचवीस मिलिमीटर पोलाद भेदी. जर्मनांच्या तिसऱ्या आणि चौथ्या नमुन्याच्या रणगाड्यांची बाजू तीस मिलिमीटरची. वरचे छत पातळ खरे. पण उतरत्या विमानातून गोळा त्यावर तिरपा पडतो आणि घसरतो. म्हणून तर सोव्हिएत सेनेने एनएस-३७ ही सदतीस मिलिमीटरची तोफ इल-२ च्या पंखांखाली लावून पाहिली, प्रत्येकी पन्नास गोळे. दोन्ही तोफा नेमक्या एकाच क्षणी झाडत नसत. एकीचा धक्का आधी, दुसरीचा नंतर, आणि विमानाचे नाक डावी-उजवीकडे झोके खाई. दोन-तीन गोळ्यांनंतर नेम कुठल्या कुठे. अखेर रणगाड्यांवर उतारा सापडला तो तोफेत नव्हे, दीड-दोन किलोच्या छोट्या बॉम्बमध्ये. जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत ते इल-२ मधून मोठ्या संख्येने टाकले गेले. सिम्युलेटरने तोफेचे कौतुक जास्त केले आणि या छोट्या बॉम्बचे कमी, असे माझे मत झाले आहे. कारण स्पष्ट आहे. तोफ झाडताना मजा येते.

तीच एनएस-३७ याक-९ च्या नाकात, मधोमध, एकटी बसवली तेव्हा मात्र ती शोभली. याक-९टी असे त्या विमानाचे नाव. १९४३ पासून ती अडीच हजारांहून अधिक बनली. तोफ इतकी लांब, की वैमानिकाची बैठक चाळीस सेंटिमीटर मागे सरकवावी लागली. गोळा ७३५ ग्रॅमचा, म्हणजे आमच्याकडे द्राक्षाचा चांगला भरलेला घड असतो तेवढा, आणि तो सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास वेगाने जाणार. ऊर्जा श्वाकच्या गोळ्याच्या दहापट. पण मिनिटाला अडीचशेच, आणि जवळ एकूण गोळे तीसच्या आसपास. चाप धरून ठेवला तर सात सेकंदांत तोफ रिकामी. म्हणून दोन-तीन गोळे सोडायचे आणि थांबायचे.

रिकामे होण्याविषयी मला विशेष लिहायचे आहे. सिम्युलेटरच्या सुरुवातीला अडचणींची एक यादी येते. त्यात ‘दारूगोळा मर्यादित’ अशी एक खूण असते. ती काढून टाकली की गोळे संपतच नाहीत. आमच्यापैकी बहुतेक जण ती काढूनच खेळतात. मीही पहिले सहा महिने तसाच खेळलो. याक-१ च्या श्वाकला १२० गोळे. मिनिटाला आठशे, म्हणजे नऊ सेकंद. संपूर्ण उड्डाणात, जाऊन येईपर्यंत, वैमानिकाच्या हाती तोफेची नऊ सेकंदे. ही खूण लावल्यावर माझा खेळ बदलला. पूर्वी मी पाचशे मीटरवरून फवारा मारी. आता दीडशे-दोनशेच्या आत गेल्याशिवाय बोट हलत नाही. आणि इतक्या जवळ गेले की समोरच्या विमानातला माणूस दिसतो, डोके हललेले दिसते. चित्रच ते, पण पहिल्यांदा दिसले तेव्हा मी चाप दाबला नाही. मित्राने वळून मला पाडले आणि रात्रभर हसला.

‘खेळ आहे तो, इतिहास नव्हे,’ असे आमच्या एका सरांनी भित्तिपत्रकासमोर उभे राहून म्हटले होते. सरांविषयी मला आदर आहे. त्यांचे म्हणणे निम्मे मान्यही आहे. उरलेल्या निम्म्याविषयी नम्रपणे असे सांगावेसे वाटते, की प्रथम वर्षात साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे मी तीन वेळा पाठ केले आणि परीक्षेत लिहिले. पण समजले ते काडतुसाच्या मापावरून. हा आकडा कुणी दिला? कोणत्या गोळ्याचा? चाचणीच्या मैदानावरचा की लढाईतला? देणाऱ्याचा त्यात काय लाभ? बखरीला विचारायचे तेच हे प्रश्न. घरी पुस्तक नसलेल्या मुलाला ते कुठून तरी सापडले पाहिजेत; मला एका जुन्या संगणकात सापडले. या विषयावर सेमिनार करू द्यावा अशी विनंती मी यंदा केली आहे.

आणि सरांचे निम्मे म्हणणे मला का मान्य आहे, तेही सांगतो. सिम्युलेटरमध्ये तोफ आयती भरलेली मिळते.

१९४१ च्या ऑक्टोबरात मारिना रास्कोवा यांच्या पुढाकाराने सोव्हिएत संघात महिलांच्या तीन हवाई तुकड्या उभ्या राहू लागल्या. त्यांतील ५८६ क्रमांकाची तुकडी याक उडवी. तिथे वैमानिक मुली होत्या तशाच विमानांवर शस्त्रे चढवणाऱ्याही बहुतांशी मुलीच, माझ्या किंवा माझ्या बहिणीच्या वयाच्या. नऊ सेकंदांत संपणारा तो पट्टा कुणीतरी एकेक काडतूस कडीत बसवून जुळवलेला असे. रशियन थंडीत, तेलकट धातूला बोटे लावून. पट्टा वाकडा बसला तर वर आकाशात तोफ अडकणार. आमच्या या जुन्या सिम्युलेटरमध्ये मार लागल्याशिवाय तोफ अडकत नाही, आणि पट्टा जुळवणारी मुलगी त्यात कुठेच नाही. माझी आई हंगामात द्राक्षे भरण्याच्या शेडमध्ये कामाला जाते. परदेशी खोक्यावर बागायतदाराचे नाव असते, कंपनीचे असते. घड कात्रीने साफ करून खोक्यात बसवणारीचे नसते. म्हणून असेल, पण ही मुलगी मला खटकली.

तसेच याकोव्ह ताउबिन. हा माणूस किती जणांना ठाऊक असेल? त्याने तेवीस मिलिमीटरची एक तोफ रचली होती, व्या-२३ ची प्रतिस्पर्धी. ती नीट चालेना, मुदती टळल्या, युद्ध तोंडावर आले. मे १९४१ मध्ये त्याला अटक झाली आणि २८ ऑक्टोबर १९४१ ला गोळ्या घालण्यात आल्या. १९५५ साली, म्हणजे चौदा वर्षांनी, तो निर्दोष ठरला. आणि ज्या कार्यालयाचा तो प्रमुख होता, तिथल्याच नुदेलमान आणि सुरानोव्ह या त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे सदतीस मिलिमीटरची ती एनएस-३७ पुरी केली. मघाशी मी मोठ्या हौशीने वर्णन केले, ती हीच. सिम्युलेटरमध्ये तिच्यापुढे वजन आहे, वेग आहे, गोळ्यांची संख्या आहे. हे सारे बरोबर असेलही. पण एका अभियंत्याची तोफ वेळेत चालली नाही म्हणून त्याचा जीव गेला, हा त्या तोफांच्या कामगिरीचाच भाग आहे असे मला वाटते. आणि तो मांडायला कोणत्याही सिम्युलेटरमध्ये रकाना नाही. तिथे सरांचा इतिहासच हवा.

हे सगळे मी आप्पांना सांगितले. ताउबिनचे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “आमच्याकडं चूक झाली तर चौकशी बसायची. कागद जायचे वर. पण माणूस संध्याकाळी घरी यायचा.” मग त्यांनी माझी वही मागितली, चष्मा लावला, आणि आखूड काडतुसाच्या पानावर मी केलेल्या गुणाकारातली एक चूक दाखवली. ती या लेखात दुरुस्त केली आहे.

मित्राला मात्र माझे पटलेले नाही. त्याच्या मते जर्मन पट्ट्यात सुरुंग-गोळे निम्म्याहून पुष्कळ जास्त असत आणि मी मुद्दाम कमी धरले. येत्या शनिवारी रात्री पुन्हा बसायचे ठरले आहे. तो १०९ घेईल, मी याक. दारूगोळा मर्यादित. आपापल्या पट्ट्यात काय काय आहे असे दोघे समजतो, ते आधी कागदावर लिहून काढायचे, सह्या करायच्या, आणि मग उडायचे.